हौशी रेडिओवरून बिटकॉइन व्यवहार

हौशी रेडिओवरून बिटकॉइन व्यवहार : इंटरनेट बंद असताना, किंवा त्यावर विसंबायचे नसताना, स्वाक्षरी केलेला बिटकॉइन व्यवहार हौशी रेडिओ केंद्रांमार्फत दूरच्या ठिकाणी पोहोचवून तेथून बिटकॉइनच्या जाळ्यात सोडण्याची पद्धती. यात रेडिओ केवळ वाहक असतो. व्यवहार तपासणे आणि साखळीत, म्हणजे बिटकॉइनच्या सामाईक नोंदवहीत, नोंदवणे ही कामे बिटकॉइनचे नोड (जाळ्यातील संगणक) व खाणकर्ते (साखळीत नव्या नोंदी जोडणारे) नेहमीप्रमाणेच करतात. म्हणून रेडिओदुव्याच्या दुसऱ्या टोकाला, ते टोक कितीही दूर असो, जाळ्याशी जोडलेला निदान एक संगणक असावाच लागतो.

तत्त्व : पूर्वीच्या कोणत्या व्यवहारातून मिळालेली रक्कम खर्चायची, ती कोणत्या पत्त्यांवर किती द्यायची, हा मजकूर आणि त्यावर देणाऱ्याने आपल्या खासगी किल्लीने केलेली डिजिटल स्वाक्षरी, एवढाच बिटकॉइनचा व्यवहार असतो. खासगी किल्ली कुठेही पाठवावी लागत नाही. स्वाक्षरी झाल्यानंतर व्यवहाराचा मजकूर कोणत्याही मार्गाने, अगदी अनोळखी माणसाच्या हातूनही, नोडपर्यंत गेला तरी चालतो. सही केलेला रेखांकित धनादेश बँकेत कोणीही नेऊन टाकला तरी पैसे ज्याचे नाव लिहिले आहे त्याच्याच खात्यात जातात, तसेच हे आहे. वाटेत कोणी रक्कम किंवा पत्ता बदलला तर स्वाक्षरी जुळत नाही आणि नोड तो व्यवहार नाकारतो. तोच व्यवहार दहा जणांनी दहा वेळा पुढे पाठवला तरी रक्कम एकदाच खर्ची पडते. मार्गावर विश्वास ठेवण्याची गरज नसणे, हा या पद्धतीचा पाया आहे.

आकारमान : दुसरी सोयीची गोष्ट म्हणजे व्यवहाराचा लहान आकार. एक रक्कम घेऊन तिचा एक भाग दुसऱ्याला देणारा आणि उरलेली मोड स्वतःकडे परत घेणारा, स्वाक्षरी वेगळ्या भागात ठेवणाऱ्या आजच्या सेगविट पद्धतीचा व्यवहार सुमारे २२२ बाइटांचा असतो. हेक्स पद्धतीत लिहिला तर तो शून्य ते नऊ हे अंक आणि सहा रोमन अक्षरे यांची सुमारे ४४४ चिन्हांची एकसलग ओळ होते. ओळीच्या आरंभी आवृत्तिक्रमांकाचे ४ बाइट असतात. पुढे मागील व्यवहाराची ३२ बाइटांची ओळख आणि त्या व्यवहारातील कितवी रक्कम घ्यायची हे सांगणारे ४ बाइट येतात. देण्याच्या प्रत्येक रकमेला ८ बाइट लागतात. ती रक्कम सातोशी या एककात, म्हणजे बिटकॉइनच्या दहा कोटीव्या भागात, मांडलेली असते. स्वाक्षरी साधारण ७१ ते ७२ बाइटांची आणि तिच्यासोबतची सार्वजनिक किल्ली ३३ बाइटांची. म्हणजे जवळजवळ निम्मा मजकूर ‘हे मीच लिहिले’ हे सिद्ध करण्यात खर्च होतो.

प्रेषणाची रीत : दूरच्या संपर्कासाठी ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ या लघुतरंग पट्ट्यातील हौशी बँड वापरतात. या तरंगांचे आयनांबरातून परावर्तन होत असल्यामुळे मध्ये मनोरा, केबल किंवा उपग्रह नसतानाही ते हजारो किलोमीटर जातात. ७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा ४० मीटर बँड दिवसा काहीशे किलोमीटरपर्यंत आणि रात्री त्याहून पुष्कळ दूरपर्यंत उपयोगी पडतो.

मजकूर पाठवण्यासाठी क्षीण संदेशही उकलू शकणाऱ्या अंकीय पद्धती सोयीच्या ठरतात. त्यांतील एफटी८ ही पद्धती जोसेफ टेलर आणि स्टीव्हन फ्रँक यांनी २०१७ मध्ये आणली. टेलर हे द्वैती स्पंदताऱ्याच्या शोधाबद्दल १९९३ चे भौतिकीचे नोबेल मिळवणारे शास्त्रज्ञ आणि जुने हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक. एफटी८ मध्ये १५ सेकंदांच्या एका पाळीत ७७ बिट मजकूर जातो आणि सुमारे ५० हर्ट्‌झ रुंदी पुरते. कानाला नुसती खरखर ऐकू येत असली तरी संगणक त्यातून संदेश वाचू शकतो. ठरावीक साच्यातील संदेशांऐवजी मोकळा मजकूर पाठवता यावा म्हणून एफटी८ च्या आधारावर २०१८ मध्ये जेएस८कॉल ही प्रणाली पुढे आली.

वेगाचा अंदाज साध्या हिशेबाने येतो. २२२ बाइट म्हणजे १,७७६ बिट. एका पाळीत ७७ बिट धरले तरी २४ पाळ्या, म्हणजे पूर्ण ६ मिनिटे लागतात. प्रत्यक्षात हेक्सच्या चिन्हांमुळे मजकूर फुगतो, मधूनच सिग्नल ओसरतो, एखादी पाळी हातची जाते आणि तेवढा भाग पुन्हा मागून घ्यावा लागतो. त्यामुळे वेळ याहून बराच जास्त जातो. रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद करणारी आटोपशीर लेखनपद्धती येथे चालत नाही, कारण जेएस८कॉल सर्व मजकूर मोठ्या अक्षरांतच पाठवते. पलीकडचा हॅम जमलेली ओळ जोडून आपल्या नोडला देतो. एक चिन्ह चुकले तर नोड ओळ परत करतो. चुकून भलत्यालाच पैसे गेले, असे मात्र होत नाही.

इतिहास : इंटरनेट टाळून बिटकॉइनची माहिती हवेतून पाठवण्याचे प्रयोग आधीपासून होत होते. फिनलंडमध्ये २०१४ साली क्रिप्टोरेडिओ या प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या भू-प्रक्षेपण जाळ्यातून बिटकॉइनची माहिती प्रसारित केली. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्लॉकस्ट्रीम कंपनीने भाड्याच्या उपग्रहक्षमतेवरून संपूर्ण साखळीचे प्रक्षेपण सुरू केले. हे दोन्ही मार्ग एकेरी होते. ग्राहकाला त्यावरून ऐकता येई, बोलता येत नसे.

बोलण्याचा मार्ग लघुतरंगावर शोधण्याची कल्पना संगणकशास्त्रज्ञ निक झाबो आणि स्तंभलेखिका इलेन ऊ यांनी २०१७ मध्ये स्टॅनफर्ड येथील स्केलिंग बिटकॉइन परिषदेत मांडली. एखाद्या देशाचे किंवा प्रदेशाचे नोड उरलेल्या जगापासून तोडून त्यांना खोटी साखळी खरी भासवण्याचा धोका असतो. अशा वेळी इंटरनेटपेक्षा स्वतंत्र असा बारीकसा दुवाही फसवणूक उघडी पाडू शकतो, असा त्यांचा मुद्दा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये कॉइनकाइट कंपनीचे सहसंस्थापक रोडोल्फो नोव्हॅक यांनी कॅनडातील टोरांटोहून सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ऊ यांच्याकडे ४० मीटर बँडवर जेएस८कॉलच्या साहाय्याने बिटकॉइन पाठवले. अंतर सुमारे ३,६०० किलोमीटर होते आणि मध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमा होती. या प्रयोगामुळे हा विषय हॅम मंडळींच्या बाहेर चर्चेत आला.

मर्यादा : व्यवहार लहान असला तरी साखळी प्रचंड आहे. सरासरी दर दहा मिनिटांनी बनणारा ब्लॉक, म्हणजे साखळीत जोडला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा, एक ते दोन मेगाबाइटांचा असतो आणि एकूण साखळी ५०० गिगाबाइटांच्या पुढे गेली आहे. लघुतरंगावरून ती उतरवून घेणे अशक्य आहे. त्यामुळे आपल्या नावावर कोणत्या रकमा शिल्लक आहेत, याची माहिती आधीपासून जवळ असावी लागते किंवा उपग्रहावरून मिळवावी लागते. जाळ्यातील गर्दी दिसत नसल्याने शुल्कही अंदाजानेच ठरवावे लागते. ते कमी पडले तर व्यवहार प्रतीक्षेत अडकतो. नोड चालवण्याच्या बिटकॉइन कोअर या प्रणालीच्या मूळ मांडणीनुसार असा व्यवहार ३३६ तासांनी, म्हणजे चौदा दिवसांनी, टाकून दिला जातो. घेणाऱ्यालाही रेडिओवर ओळ ऐकून भागत नाही, कारण व्यवहार ब्लॉकमध्ये चढेपर्यंत तीच रक्कम दुसरीकडे खर्च होण्याची शक्यता उरते.

गोपनीयतेच्या बाबतीत तर हा मार्ग इंटरनेटपेक्षा उघडा आहे. हॅमला प्रेषणात आपली कॉलसाइन (केंद्राचा ओळखसंकेत) सांगावीच लागते आणि कॉलसाइनवरून परवानाधारक ओळखता येतो. दिशाशोधक अँटेनाने प्रेषणाची जागाही हुडकता येते. म्हणजे बिटकॉइनचा पत्ता निनावी राहिला, तरी तो पाठवणारा माणूस आपण होऊन नाव सांगतो. खासगी किल्ली किंवा ती परत मिळवून देणारे शब्द रेडिओवरून पाठवणे म्हणजे ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या हाती तिजोरी देणे होय.

कायदा : आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या रेडिओ नियमावलीनुसार हौशी सेवा ही आत्मशिक्षण, परस्परसंपर्क आणि तांत्रिक अन्वेषण यांसाठी, आर्थिक लाभाचा हेतू न ठेवता चालवायची सेवा आहे. वेगवेगळ्या देशांतील केंद्रांमधील मजकूर अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक करण्यास ही नियमावली मनाई करते. अमेरिकेतील संघीय संचार आयोगाच्या भाग ९७ मधील नियमांतही हीच दोन बंधने आहेत.

यांपैकी दुसऱ्या बंधनाशी बिटकॉइनचा खटका उडेल असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात तसे नाही. व्यवहारावर स्वाक्षरी असते, पण तो कूटबद्ध नसतो. हेक्सची ओळ कोणीही विनामूल्य साधनाने उलगडून रक्कम व पत्ते वाचू शकतो. खरी अडचण पहिल्या बंधनाची आहे. दोन हॅमांनी प्रयोग म्हणून एकदा नाममात्र रक्कम पाठवणे आणि मालाचे पैसे नियमित चुकते करणे किंवा मोबदला घेऊन इतरांचे व्यवहार पुढे पाठवणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. नंतरच्या गोष्टी हौशी सेवेच्या व्याख्येतच बसत नाहीत.

भारतात हौशी केंद्रांना दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून परीक्षेनंतर परवाना मिळतो आणि या सेवेसाठी १९७८ चे नियम आहेत. येथेही सेवा वैयक्तिक व बिगरव्यापारी असणे अपेक्षित आहे. आभासी मालमत्तेच्या हस्तांतरणातून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर असून १ जुलै २०२२ पासून उद्गमकर कपातीची तरतूद लागू आहे. व्यवहार कोणत्या माध्यमातून गेला याने त्यात फरक पडत नाही. परवानामुक्त ८६५–८६८ मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील लोरा या बिनतारी पद्धतीची उपकरणे हौशी सेवेच्या बंधनांबाहेर येतात, पण त्यांचा एकेक टप्पा साधारणपणे काही किलोमीटरांचाच असतो.

उपयुक्तता : रोजच्या देवघेवीसाठी ही पद्धती फार संथ आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही तिला तेवढी मोकळीक नाही. तिचा खरा उपयोग पहारेकऱ्याचा आहे. प्रत्येक ब्लॉकचा शीर्षभाग फक्त ८० बाइटांचा असतो आणि दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक बनतात. म्हणजे दिवसभराचे सर्व शीर्षभाग मिळून ११,५२० बाइट होतात. एवढा मजकूर लघुतरंगावरील वेगवान अंकीय पद्धतींना पेलतो आणि त्यावरून आपल्याला मिळणारी साखळी जगाच्या साखळीशी जुळते की नाही, हे इंटरनेटच्या मदतीशिवाय ताडून पाहता येते.