मूर्तिजापूरच्या कापसास यंत्र कोणतें?

१८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोहोंचली आणि वाटेवरच्या मूर्तिजापुरास मुंबईचा बाजार जवळ आला. एवढा कापूस हातचरखीनें थोडाच आटोपणार! यंत्रें दोन होतीं. व्हिटनेचें १७९३ सालचें करवती यंत्र झपाट्याचें; मॅकार्थीचें १८४० सालचें रुळाचें यंत्र संथ. वरकरणी कौल पहिल्यालाच मिळावा. पण वऱ्हाडी कापसाचा तंतू आंखूड, करवतीचे दांते तो तोडीत. मॅकार्थीच्या यंत्रांत चामड्याचा रूळ तंतू ओढून घेई, स्थिर पात्यापाशीं सरकी अडे आणि हलतें पातें ती झाडून टाकी. चामडें झिजे, बदलावें लागे. पण रुई शाबूत राही, आणि भाव तर रुईच्या प्रतीवरच ठरणार. वऱ्हाडांत रुळाचेंच यंत्र रुजलें. धारवाडास अमेरिकन बियाण्याचा कापूस होता. तेथें मात्र करवतीनें बस्तान मांडलें.