नवे कार्ड, जुनाच वेग

आमच्या शेजारच्या अकरावीतल्या मुलाने वर्षभर पैसे साठवून, थोडे आजोबांकडून घेऊन, संगणकासाठी नवे ग्राफिक्स कार्ड आणले. स्वतःच पेटी उघडून ते बसवले, आवडता खेळ सुरू केला आणि त्याचा चेहरा उतरला. जुन्या कार्डावर पडद्यावर सेकंदाला सुमारे ४५ चित्रे उमटत होती, नव्यावर ४८. दुकानदाराने फसवले, कार्ड नकली निघाले, अशी चर्चा घरात सुरू झाली. वडील कार्ड परत करायला निघाले, तेव्हा आम्ही त्यांना दोन दिवस थांबायला सांगितले. कार्ड अगदी चांगले असूनही असे घडू शकते. इतकेच नव्हे, तर संगणकाच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेले आहे.

लाटणे आणि भाजणे

हा इतिहास समजून घेण्यासाठी आधी स्वयंपाकघरात जाऊ या. एकजण पोळ्या लाटते आहे, दुसरी भाजते आहे. एक पोळी लाटायला ३० सेकंद लागतात आणि भाजायला ४०. दोघी एकाच वेळी काम करत असल्याने दर ४० सेकंदांना एक पोळी डब्यात पडते. आता शेगडीची आच वाढवली आणि भाजणे १५ सेकंदांवर आले. मग दर १५ सेकंदांना पोळी मिळेल का? नाही. ती दर ३० सेकंदांनीच मिळेल, कारण लाटणारीचा वेग तोच आहे. भाजणारी तव्यासमोर नुसती बसून राहील.

संगणकावरील खेळातही अशीच दोन कामे असतात. प्रत्येक चित्राआधी मुख्य प्रोसेसर हिशेब करतो: खेळाडू कुठे आहे, कोण कुठे सरकले, कोणती वस्तू काढायची. ही लाटलेली पोळी तो ग्राफिक्स कार्डाकडे देतो आणि कार्ड पडद्यावरील लाखो बिंदूंना रंग देते. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर प्रत्येक टप्प्याला एका चित्रामागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. जो टप्पा जास्त वेळ घेईल, तो सर्वांचा वेग ठरवतो.

ॲम्डाल यांचा इशारा

१९६७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे संगणकतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. अनेक प्रोसेसर एकत्र जोडले की संगणक हवा तेवढा वेगवान करता येईल, अशी आशा त्या काळी अनेकांना वाटत होती. आय.बी.एम.च्या सिस्टिम/३६० या संगणकाच्या रचनाकारांपैकी एक असलेले जीन ॲम्डाल यांनी तेथे एक छोटा निबंध वाचला. त्यांचे म्हणणे असे की, कामाचा जो भाग वाटून देता येत नाही, तोच शेवटी आडवा येतो.

समजा, एका कामाला १०० मिनिटे लागतात आणि त्यातील ४० मिनिटांचा भाग आपण दहापट वेगवान केला. त्या ४० मिनिटांची ४ झाली, पण उरलेली ६० तशीच राहिली. एकूण ६४ मिनिटे. दहापट सुधारणा केली आणि पदरात पडली दीडपटीहून थोडी अधिक. तो भाग शून्य वेळात झाला तरी ६० मिनिटे लागणारच. हा विचार पुढे सूत्रात मांडला गेला आणि ‘ॲम्डालचा नियम’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

अडथळा जागा बदलतो

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा खेळ आला. त्यात सगळे चित्र मुख्य प्रोसेसरच तयार करत असे. चित्र ३२० × २०० म्हणजे ६४,००० बिंदूंचे, प्रत्येक बिंदूला एक बाइट, आणि सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे २२ लाख बाइट प्रोसेसरकडून पडद्याच्या कार्डाकडे जायला हवेत. ही ने-आण ज्या वाटेने होते तिला ‘बस’ म्हणतात. त्या वेळच्या बहुतेक संगणकांतील बस १९८४ च्या आय.बी.एम. एटी या संगणकाच्या काळातली होती. ती एका वेळी दोन बाइट नेई आणि सुमारे ८ मेगाहर्ट्झने चाले. त्यामुळे ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर घेतला तरी त्याला या अरुंद वाटेशी थांबावे लागे. १९९२ मध्ये आखल्या गेलेल्या व्हेसा लोकल बस आणि पीसीआय या नव्या वाटा एका वेळी चार बाइट नेत आणि पीसीआय ३३ मेगाहर्ट्झने चाले. प्रोसेसर तोच, खेळ तोच, पण कार्ड या नव्या खाचेत बसवले की खेळ सुरळीत होई. दोष प्रोसेसरचा नव्हता, रस्त्याचा होता.

वाट रुंद झाली आणि अडथळा दुसरीकडे गेला. जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ हा खेळ आला. तिरक्या दिसणाऱ्या भिंतीवरचे विटांचे चित्र खरे वाटण्यासाठी बिंदूचे अंतर घेऊन भागाकार करावा लागतो, आणि भागाकार हे प्रोसेसरचे संथ काम. जॉन कार्मॅक आणि मायकेल ॲब्रॅश यांनी दर १६ बिंदूंमागे एकच भागाकार केला आणि मधले बिंदू साध्या बेरजेने भरले. इंटेलच्या पेंटियममध्ये दशांश अपूर्णांकांची गणिते करणारा विभाग स्वतंत्रपणे भागाकार करत राही आणि तेवढ्या वेळात दुसरा विभाग ते १६ बिंदू रंगवून टाकी.

याच सुमारास सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ प्रोसेसर बाजारात होता. १३३ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या त्याच्या एका प्रकाराला १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमच्या तोडीचा म्हणून ‘१६६+’ असा आकडा दिलेला असे. हा आकडा खोटा नव्हता. तो कार्यालयीन कामाच्या चाचणीवरून ठरवलेला होता आणि पूर्णांकांच्या गणितात हा प्रोसेसर खरोखरच चपळ होता. पण अपूर्णांकांच्या गणितात तो पेंटियमच्या मागे पडे, आणि क्वेकला नेमके तेच गणित हवे होते. ज्यांनी पत्रे आणि हिशेबांसाठी तो घेतला ते समाधानी राहिले. ज्यांनी क्वेकसाठी घेतला ते हिरमुसले.

१९९६ च्या अखेरीस थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ हे कार्ड आले आणि १९९७ मध्ये क्वेकची त्यावर चालणारी आवृत्ती निघाली. बिंदू रंगवण्याचे काम कार्डाने उचलले. म्हणजे भाजणारी वेगळी झाली, पण लाटणे प्रोसेसरकडेच राहिले. कार्डे भराभर सुधारत गेली तसे जुन्या प्रोसेसरचे मालक म्हणू लागले की नवे कार्ड घेऊनही फरक पडत नाही. १९९९ मध्ये एनव्हिडियाच्या जीफोर्स २५६ या कार्डाने वस्तूंचे कोपरे पडद्यावर कुठे येतील हे गणितही स्वतःकडे घेतले. प्रोसेसरचा भार थोडा हलका झाला, पण पुढचे खेळ त्याला नवी कामे देतच राहिले.

मोजायचे कसे?

या इतिहासातली एक गोष्ट शिक्षकांना विशेष आवडेल. डूम आणि क्वेकमध्ये ‘टाइमडेमो’ नावाची सोय होती. आधी नोंदवून ठेवलेला खेळ संगणक शक्य तितक्या वेगाने पुन्हा दाखवी आणि त्याला लागलेला वेळ सांगे. प्रत्येक वेळी खेळ तोच असल्याने दोन संगणकांची तुलना रास्त होई. प्रयोगशाळेत बाकी सर्व गोष्टी कायम ठेवून आपण एकच गोष्ट बदलतो, तसेच हे.

मात्र सरासरीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. एका सेकंदात ५९ चित्रे १० मिलिसेकंदांची आणि एकच चित्र ४१० मिलिसेकंदांचे, असे झाले तर बेरीज नेमका एक सेकंद. सरासरी भरते सेकंदाला ६० चित्रे, पण डोळ्यांना मोठा हिसका जाणवतो. २०११ मध्ये स्कॉट वॉसन यांनी प्रत्येक चित्राला लागलेला वेळ वेगवेगळा मोजून हे दाखवून दिले. तेव्हापासून ही पद्धत परीक्षणांमध्ये रुळली.

त्या कार्डाचे काय झाले?

आम्ही मुलाला खेळातील चित्राची बिंदुसंख्या निम्म्यावर आणायला सांगितली. आता कार्डाला निम्मेच बिंदू रंगवायचे होते, प्रोसेसरचे काम मात्र जवळजवळ तेवढेच होते. चित्रे ४८ ची ४९ झाली. म्हणजे कार्ड रिकामे बसत होते आणि अडथळा त्याच्या आधी कुठेतरी होता. चित्रे दुपटीच्या आसपास गेली असती, तर अडथळा कार्डातच आहे असे ठरले असते.

मग पेटी उघडली. कार्ड बसवताना हात पुरेना म्हणून त्याने स्मृतीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन्ही पट्ट्या काढल्या होत्या आणि परत लावताना शेजारशेजारच्या खाचांत लावल्या होत्या. चार खाचांच्या फलकावर सहसा एक सोडून एक खाच वापरली, तर प्रोसेसरला स्मृतीकडे जायच्या दोन वाटा मिळतात. शेजारी लावल्या की दोन्ही पट्ट्या एकाच वाटेवर येतात. एक पट्टी योग्य खाचेत हलवली आणि त्याच दृश्याला ५८ चित्रे मिळाली. खर्च शून्य.

पूर्वी ४५ वर अडवणारे जुने कार्ड होते. नव्या कार्डाने तो अडथळा दूर केला, पण त्याच दिवशी नकळत दुसरा उभा राहिला. एक बदल केला असे मुलाला वाटत होते, प्रत्यक्षात दोन झाले होते. आता ५८ वर अडवणारा प्रोसेसर आहे, आणि तो बदलायचा की नाही, हे तो समजून-उमजून ठरवू शकतो.

इतर ठिकाणी कारणे वेगळी निघतील. पडद्याची तार नव्या कार्डाऐवजी मुख्य फलकाच्या खाचेत लावलेली असते. पंख्यात धूळ साचून भाग तापतात आणि स्वतःच आपला वेग कमी करतात. चालक प्रणाली जुनी असते. शोधण्याची रीत मात्र एकच: आधी मोजावे, एकच गोष्ट बदलावी, पुन्हा मोजावे.

वर्गात हे संगणकाशिवायही दाखवता येते. तीन विद्यार्थ्यांना रांगेत बसवावे. पहिल्याने कागदाची घडी घालायची, दुसऱ्याने ती पाकिटात भरायची, तिसऱ्याने पाकिटावर पूर्ण पत्ता लिहायचा. पाच मिनिटांत किती पाकिटे झाली ते मोजावे. मग घडी घालायला आणखी एक विद्यार्थी द्यावा आणि पुन्हा मोजावे. त्यानंतर तोच जादा विद्यार्थी पत्ता लिहायला बसवावा. दोन्ही वेळी मदतीला आलेला मुलगा एकच असतो. आकडे फळ्यावर लिहावेत आणि ते वेगळे का आले, हे मुलांनाच सांगू द्यावे.