ओठ आणि उच्चार

१९३१ सालचा ऑक्टोबर महिना. मुंबईहून आलेली चित्रपटाची पेटी मद्रासच्या सेंट्रल स्थानकावर उतरली आणि वॉलटॅक्स रस्त्याने तिची मिरवणूक निघाली. लोकांनी फुले उधळली, नारळ फोडले, धूप जाळला. मिरवणूक थांबली ती जॉर्ज टाउनमधील ‘किनेमा सेंट्रल’ या चित्रगृहापाशी. तेथे ३१ ऑक्टोबर रोजी ‘कालिदास’ प्रदर्शित झाला आणि रुपेरी पडद्यावर तमिळ भाषा प्रथमच बोलू लागली.

बोलपट तयार झाला होता मुंबईत. निर्माते आर्देशीर इराणी, दिग्दर्शक एच. एम. रेड्डी. नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळ बोलत, तर नायक तेलुगू. आज या बोलपटाची प्रत उपलब्ध नाही; परंतु इतिहासकार फिल्म न्यूज आनंदन यांनी नोंदविल्याप्रमाणे तमिळ संवाद स्पष्ट ऐकू येत, तेलुगू संवादांच्या वेळी मात्र ओठ आणि शब्द यांची फारकत होई.

अशी फारकत होते तरी कशी? प्रक्षेपकात चित्र थांबत थांबत सरकते, सेकंदाला २४ चौकटी; ध्वनीला मात्र अखंड, एकसारखी गती लागते. म्हणून ध्वनीची रेघ आपल्या चित्राच्या सुमारे २० चौकटी पुढे छापीत. यंत्रावर फिल्म चढविताना वेढा थोडा सैल राहिला, तरी हे गणित बिघडे.

मुळात हे दोष दोन जातींचे. पहिल्यात आरंभच चुकतो आणि पडलेले अंतर अखेरपर्यंत तेवढेच राहते. त्यावर उपाय म्हणजे चित्रीकरणापूर्वीची फळीची टाळी. ती मिटल्याचे चित्र आणि तिचा आवाज जुळविला की पुढचे सारे आपोआप जुळते. दुसऱ्या जातीत दोहोंचे वेगच निराळे असतात आणि अंतर वाढत जाते. आजच्या संगणकीय चित्रफितींनाही हीच व्याधी जडते. सेकंदाला २४ आणि २३.९७६ चौकटी, एवढ्याशा फरकाने तासाभरात ३.६ सेकंदांची तफावत पडते. तेथे ध्वनी नुसता मागेपुढे सरकवून भागत नाही. त्याची गतीच बदलावी लागते.

‘कालिदास’ गाजला तो या दोषासकट. स्वभाषेतील शब्द पडद्यावरून कानी पडतो, याचेच अप्रूप मोठे होते. पुढच्याच वर्षी कोल्हापुरात ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’ने मराठीलाही ते भाग्य दिले. परंतु अप्रूप फार काळ टिकत नाही. ते ओसरल्यावर प्रेक्षक ओठांकडे पाहू लागतो, आणि तेथून तंत्रज्ञाची खरी परीक्षा सुरू होते. ती तो उत्तीर्ण झाला, तर त्याचे नावही कोणाच्या लक्षात येत नाही.