पेजेच्या काठावरच्या केबिनी

आज खत-फवारणीची नोंद नाही. आज नदीकाठाचा इतिहास लिहितोय. आमच्या भागात सध्या काठाच्या एका गुंठ्याला जो भाव मिळतो तेवढा पैसा भातातून दहा वर्षांत दिसत नाही. म्हणून एजंट रोज दारात. विकायचं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हा काठ कसा तयार झाला ते निदान आपल्या पोरांना माहीत पाहिजे.

आमची नदी पेज, तालुका कर्जत, जिल्हा रायगड. माझ्या लहानपणी जिल्हा कुलाबा होता, 1981 ला नाव बदललं. पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तरी कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर उतरतात आणि उन्हाळ्यात डबकी उरतात. पेज मात्र मे महिन्यातही वाहते. पाहुणे म्हणतात देवाची कृपा. कृपा आहेच, पण तिच्यामागं 1922 सालचं एक काम आहे.

घाटाच्या वर मावळात आंध्रा नदी आहे. ती मूळची पूर्वेला जाणारी. आंध्रा इंद्रायणीला, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला मिळते, म्हणजे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीनं तिच्यावर ठोकरवाडीला धरण बांधलं, पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवलं आणि पाचशे मीटरच्या वर उंचीवरून खाली भिवपुरीच्या वीजघरात आणलं. वीज मुंबईला गेली, तिथल्या गिरण्या तिच्यावर चालल्या. जनित्र फिरवून झालेलं पाणी पेजेत आलं. खोपोलीच्या वीजघराचं (1915) पाणी पाताळगंगेला आणि भिऱ्याचं (1927) कुंडलिकेला असंच मिळतं. पेज पुढं उल्हासला मिळते आणि खालची कितीतरी शहरं त्या पाण्यावर आहेत.

ह्या पाण्यावरच राजनाल्याच्या पाटाखाली आमचं उन्हाळी भात. जिथं पाट नाही तिथं खरिपानंतर ओलीवर कडवे वाल, बस्स. जिथं पाणी आहे तिथं डिसेंबर-जानेवारीत पुन्हा पेरा. कर्जतच्या भात संशोधन केंद्राच्या कर्जत-184, कर्जत-3 अशा लवकर येणाऱ्या जातींनी आमचं हे दुसरं पीक सोपं केलं.

आजोबा कूळ होते. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनानंतर कूळकायद्यानं जमीन नावावर झाली, त्यात नदीकाठची मळी पण आली. मळीच्या खाली खडकाळ पट्टा, तिथं भात होत नाही. त्या पट्ट्यात केबिनी उभ्या राहिल्या.

मला आठवतात त्या 1975-76 पासून. मुंबईची मंडळी यायची. कोणी गिरणीत जॉबर, कोणी रेल्वेत, कोणी बँकेत कारकून. शनिवारी कर्जत लोकलनं यायचे, तिथून एसटी नाहीतर बैलगाडी. केबिन म्हणजे काय, चार वासे, गिरणीत मशीनं येतात त्या खोक्यांच्या फळ्या आणि वर पत्रा. अशा अकरा केबिनी होत्या. वर्षाचं भाडं आजोबांच्या हातात, कागद नाही. दूध आमच्याकडून, अंडी शेजारून, भाकरी आजीच्या हातची. गिरणीतले एक काका आम्हा पोरांना डोहात पोहायला शिकवायचे. "पाणी वाढलं की पहिलं बाहेर, मग कपडे," हे त्यांचं वाक्य. कारण वर वीज बनवायला लागले की पाणी चढतं, थांबले की उतरतं. आभाळ कोरडं असलं तरी चढतं. हे आजही नवीन माणसाला कळत नाही.

यातली खरी गोष्ट पुढं आहे. मे संपत आला की ही माणसं केबिनी सोडवायची. पत्रे, फळ्या, वासे आमच्या पडवीत रचून ठेवायची आणि दिवाळीला पुन्हा उभ्या करायची. आजोबांची अटच होती, पावसाळ्यात काठ मोकळा पाहिजे. चार महिने काठ नदीचा, आठ महिने माणसाचा.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या दिवाळीला सहाच केबिनी उभ्या राहिल्या, दोन वर्षांनी तीन. ज्या पाण्यानं त्यांच्या गिरण्या चालवल्या, त्याच पाण्यात ती माणसं सुट्टी घालवत होती, हे मला फार उशिरा उमगलं. आमच्या वाडीतले चार जण पण गिरणीतून परत आले आणि नांगराला लागले. शेवटची केबिन माझी दहावी झाली त्या वर्षी सुटली. तिच्या फळ्यांचा आम्ही गोठा केला.

नंतर 1990 पासून फार्महाऊस आले. हे सोडवून ठेवता येत नाहीत. भराव, दगडी भिंत, पात्राला लागून लॉन. 26 जुलै 2005 ला उल्हासच्या खोऱ्यात पूर आला तेव्हा वरच्या एका भिंतीवर आपटून पाणी तिरकं फिरलं आणि आमच्या मळीतली हातभर माती घेऊन गेलं. ती भरायला आम्हाला सात वर्षं गाळ ओढावा लागला. 27 जुलै 2019 ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. तेही उल्हासचंच पाणी.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, पट्ट्यात भात होत नाही, विकून ट्रॅक्टर घेऊ." त्याचं चूक नाही. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, काठ गेला की नदीवर जायची वाट जाते, मोटरची जागा जाते, आणि पूर कुठं वळेल ते दुसऱ्याच्या भिंतीवर ठरतं. दोन, हे उन्हाळ्यातलं पाणी आपल्या मालकीचं नाही. सोलापूरकडचे शेतकरी म्हणतात आमच्या खोऱ्याचं पाणी आम्हाला परत द्या, आणि त्यांची तहानही खरी आहे. उद्या वरचा निर्णय बदलला तर पेज इतर नद्यांसारखी होईल. मग लॉनवाल्याचा शनिवार-रविवार जाईल, आपलं पीक जाईल. त्या दिवसासाठी वालाचं बियाणं आणि ओलीवरच्या शेतीची माहिती घरात जपून ठेवायची.

पट्टा आम्ही विकला नाही. तंबूला देतो, ऑक्टोबर ते मे, आजोबांच्याच अटीवर. त्यातून मजुरी आणि बियाण्याचा खर्च निघतो. ट्रॅक्टर अजून भाड्यानंच येतो.

काठाला जमीन असलेल्यांनी एवढं करा. 2005 च्या पुराची खूण म्हाताऱ्यांना विचारून झाडावर नाहीतर खांबावर रंगवा. पाटबंधारे खात्याकडं निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. काठावर वाळा, बांबू, करंज लावा. आणि व्यवहार करायचाच असेल तर वहिवाटीची वाट कागदावर लिहून घ्या.

तुमच्या नदीचं उन्हाळ्यातलं पाणी कुठून येतं, हे गावात कोणाला माहीत असेल तर खाली लिहा. वाचायला आवडेल.