मानेची सोनोग्राफी : नसेतला धोकादायक ‘प्लाक’ कसा दिसतो?

सिन्नर : सोनोग्राफी म्हटलं की गावाकडं पहिली आठवण येते ती बाळंतपणाची, नाहीतर मुतखड्याची. पण तेच मशीन, वेगळा प्रोब लावून, मानेतल्या रक्तवाहिन्याही दाखवतं. या तपासणीला ‘कॅरोटिड डॉपलर’ म्हणतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवर हे नाव दिसलं की बऱ्याच जणांना प्रश्न पडतो, लकव्याचा त्रास आणि तपासणी मानेची कशी?

मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या नसा मानेच्या दोन्ही बाजूंनी वर जातात. जबड्याच्या खाली प्रत्येक नसेला फाटा फुटतो आणि नेमकी त्या फाट्यावरच चरबी साठायला लागते. या साठ्यालाच प्लाक म्हणतात. ठिबकच्या नळीत क्षार चढतो तसं हे वाटतं, पण फरक मोठा आहे. क्षार नळीच्या आतल्या अंगाला बसतो, प्लाक नसेच्या भिंतीतच वाढतो. म्हणून ॲसिड सोडून ठिबक मोकळं करतात तशी नस धुऊन निघत नाही. ‘नस साफ करणारा काढा’ विकणाऱ्यांच्या नादी लागून पैसे आणि वेळ दोन्ही जातात.

प्लाक दुखत नाही, म्हणून तर तो वर्षानुवर्षं कळत नाही. त्याच्यावरचं पातळ आवरण फाटलं की तिथं रक्ताची गुठळी होते, तिचा तुकडा वर मेंदूत जाऊन अडकतो आणि माणूस एका बाजूनं लुळा पडतो.

तपासणी सोपी आहे. उपाशीपोटी जावं लागत नाही, सुई नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत. मानेला जेल लावून प्रोब फिरवतात, साधारण अर्ध्या तासात काम होतं. आवाजाच्या लहरी आत जातात, भिंतीवर आदळून परत येतात आणि त्यातून पडद्यावर चित्र उमटतं. निरोगी भिंतीचे आतले थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतात. एखाद्या जागी जाडी दीड मिलिमीटर किंवा जास्त भरली तर त्याला प्लाक समजतात.

दुसरा भाग वेग मोजण्याचा. पाइपाचं तोंड बोटानं दाबलं की पाणी जोरात उडतं, तसंच अरुंद झालेल्या नसेत रक्त जोरात पळतं. हा वेग ज्या तत्त्वानं कळतो ते ख्रिश्चन डॉपलर या शास्त्रज्ञानं १८४२ मध्ये मांडलं, म्हणून तपासणीला त्याचं नाव. वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर गेला तर नस निम्मी किंवा जास्त अरुंद झाल्याचा अंदाज बांधतात, २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा त्याहून जास्त.

रिपोर्ट आला की घरचे फक्त ‘किती टक्के ब्लॉकेज’ एवढंच विचारतात. तेवढ्यावर भागत नाही. प्लाक कसला आहे हेही महत्त्वाचं. पडद्यावर पांढरा चमकणारा आणि मागं सावली पाडणारा प्लाक म्हणजे त्यात कॅल्शियम साचलेलं असतं, तो बहुतेक वेळा स्थिर असतो. काळपट दिसणारा मऊ प्लाक चरबीनं भरलेला असतो आणि फुटण्याचा धोका त्यालाच जास्त. वरचा पृष्ठभाग खडबडीत असेल, त्यात खड्डा पडला असेल, तर डॉक्टर जास्त सावध होतात. उलट, रिपोर्टमध्ये नुसता ‘प्लाक’ शब्द दिसला म्हणून घाबरायचंही कारण नाही. उतारवयात थोडाफार प्लाक पुष्कळांना असतो.

मग ही तपासणी करायची कुणी? हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली किंवा एका डोळ्यापुढं पडदा आला, आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं ठीक झालं, अशांनी तर नक्कीच. ‘वारं लागलं होतं, गेलं’ म्हणून माणूस परत रानात जातो आणि तिथंच घात होतो. असा झटका ही पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते आणि पहिले दोन दिवस सगळ्यात जोखमीचे. दवाखाना त्याच दिवशी गाठायचा. त्रास सुरू असतानाच मात्र सोनोग्राफी सेंटर शोधत बसू नये. १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेलं मोठं रुग्णालय गाठावं, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात.

काहीच त्रास नसलेल्या माणसानं पॅकेजमध्ये स्वस्त मिळतेय म्हणून ही तपासणी करून घेऊ नये. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनंही २०२१ मध्ये सरसकट तपासणी नको असंच सांगितलं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, विडी-तंबाखू चालू आहे, अशांचं डॉक्टर ठरवतील. सिन्नर तर विड्यांसाठीच ओळखलं जाणारं गाव, इथं हे वेगळं सांगायला नको. मशेरीही तंबाखूच आहे.

उपचार म्हणजे बहुतेकांना गोळ्याच : रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची, बीपीची. बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करायच्या नाहीत. झटका येऊन गेलाय आणि त्या बाजूची नस ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आहे, अशांना ऑपरेशनचा फायदा होतो, हे १९९१ मध्येच मोठ्या अभ्यासातून दिसलं. ते शक्यतो दोन आठवड्यांत व्हावं लागतं. त्यासाठी नाशिक गाठावं लागतं. रेशनकार्ड व आधार सोबत ठेवून महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावं. जुना डॉपलर रिपोर्ट असेल तर तोही न्यावा, प्लाक वाढला की तेवढाच आहे, हे त्यावरूनच कळतं.