खाजणातला राता आणि पनवेल-१

न्हावा शेवा म्हटलं की आज कंटेनरच डोळ्यासमोर येतात. पण बंदर सुरू झालं १९८९ला. त्याआधी कित्येक पिढ्या आपल्या लोकांनी इथल्या खाजणात बांध घालून, उघाड्या बसवून, खाडीचं पाणी अडवून भात पिकवलं. बांधांचा इतिहास आपण सांगतो, बियाण्याचा कोणी सांगत नाही.

खाऱ्या जमिनीत साधं भात तग धरत नाही. पाऊस मीठ धुऊन नेतो, पण मध्येच उघडीप पडली की खार परत वर येतो. त्यात जे रोप टिकलं, त्याचंच बी राखायचं. असं निवडत निवडत राता टिकला. लाल तांदळाचा, उंच, खार सोसणारा. उतारा मात्र कमी, आणि वाऱ्यापावसात आडवा पडायचा.

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रात या रात्यातूनच निवडून भुरा राता ४-१० आणि काळा राता १-२४ हे वाण काढले. १९६६मध्ये फिलिपिन्सच्या संस्थेने आय.आर.-८ आणला. बुटका, खत पेलणारा, भरघोस. पण खाऱ्या जमिनीसाठी बनलेला नव्हता. भुरा राता आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून पनवेल-१ आणि पनवेल-२ निघाले. बुटकेपणा बाहेरचा, खार सोसायची ताकद घरची!

गव्हाचंही तसंच झालं. १९६६मध्ये देशाने मेक्सिकोहून १८,००० टन बी आणलं, त्यातल्या बुटकेपणाचं मूळ जपानच्या नोरिन-१० गव्हात. कुठल्या शेतातलं बी उद्या कोणाच्या उपयोगी पडेल, आधी सांगता येत नाही.

जानेवारी १९८४मध्ये दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून साडेबारा टक्क्यांचा हक्क उभा राहिला. जमिनीचा हिशोब निदान मांडला तरी गेला. भरावाखाली गेलेल्या बियाण्याचा कोणी मांडला? केंद्राने रात्यातल्या दोन ओळी उचलल्या म्हणजे सगळा राता वाचला असं होत नाही. ज्यात वेगळेपणच उरलं नाही, त्यातून पुढचा शास्त्रज्ञ निवडणार तरी काय?

२००१च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःचा वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो. उरण, पेण, अलिबागकडे कोणाच्या कणगीत अजून राता असेल तर गिरणीत नेण्याआधी मूठभर बी बाजूला काढा. गावाचं नाव लिहून ठेवा. आणि पुढच्या पावसात थोडं तरी पेरा.