पाण्याच्या तीन खोडी

ऑगस्ट १८८८ मधल्या एका पहाटे बर्था बेंझ नवऱ्याला, कार्ल बेंझला, न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन मानहाइमहून निघाली. बरोबर ओयगेन आणि रिखार्ड ही दोन मुले होती आणि जायचे होते माहेरी, फोर्झहाइमला. वाटेत विस्लोखच्या औषधांच्या दुकानातून तिने लिग्रॉइन हे इंधन विकत घेतले, ही गोष्ट सगळे सांगतात. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवते. तुंबलेली इंधनाची नळी तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली, हेही सांगतात. पाण्याची गोष्ट मात्र मागे पडते. सुमारे १०५ किलोमीटरच्या त्या प्रवासात ही बाई लेकरांसह ओढे, विहिरी आणि गावातले हापसे शोधत गेली, कारण मोटारीला दर थोड्या वेळाने तहान लागत होती.

कार्ल बेंझच्या इंजिनाला रेडिएटर नव्हताच. सिलिंडरभोवती पाणी असायचे, ते उकळायचे आणि वाफेबरोबर उष्णता उडून जायची. चुलीवरच्या पातेल्यासारखाच प्रकार. पातेले कोरडे पडायच्या आत पाणी ओतत राहायचे. इंजिनाची ताकद अगदीच थोडी होती, म्हणून हे कसेबसे चालून गेले.

इंजिनाला थंड ठेवण्याची गरज का पडते, याचे उत्तर आकड्यांतच आहे. सिलिंडरमध्ये पेटलेल्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि ज्या अॅल्युमिनिअमचा पिस्टन त्याच्यापासून बोटभरही दूर नसतो ते ६६० अंशांना वितळते. जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णताच चाके फिरवते. साधारण तेवढीच धुराड्यातून बाहेर जाते आणि उरलेली कुणीतरी उचलून नेऊन टाकावी लागते. या हमालीसाठी पाण्याच्या तोडीचा पदार्थ नाही. ते फुकटात मिळते, सहज वाहते आणि उष्णता पोटात साठवण्याची त्याची ताकद बहुतेक द्रवांहून मोठी आहे. पण हा हमाल खोडकर आहे. १०० अंशांना तो उकळतो, शून्याला गोठतो आणि ज्या लोखंडातून वाहतो त्यालाच गंजवतो. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत मोटारीच्या कूलिंगमध्ये जे जे शोध लागले, ते बहुतेक या तीन खोडींपैकी एकीचा बंदोबस्त करण्यासाठी लागले.

पहिली खोड उकळण्याची. तिला पहिला मोठा लगाम घातला विल्हेल्म माइबाख या जर्मन अभियंत्याने. पाण्याची वाफ करून टाकण्याऐवजी तेच पाणी पुन्हापुन्हा थंड करून वापरायचे, तर त्याला वाऱ्याशी जास्तीत जास्त सलगी करू द्यायला हवी. १८९७ साली त्याने बारीक नळ्यांचा रेडिएटर केला. त्याचे खरे यश आले १९०० साली. नीसमध्ये राहणाऱ्या एमिल येलिनेक या व्यापाऱ्याने डाइमलर कंपनीकडे नव्या, वेगवान गाडीची मागणी नोंदवली आणि तिला आपल्या मुलीचे नाव द्यायला लावले: मर्सिडीज. पस्तीस अश्वशक्तीच्या त्या गाडीच्या नाकावर माइबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात सहा मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८,०७० आखूड नळ्या डाखून जोडल्या होत्या. नळ्यांच्या आतून वारा जायचा आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या फटींतून पाणी. गाडी सावकाश चालत असली तरी वारा खेचला जावा म्हणून मागे पंखा होता. आधीच्या गाड्यांच्या मानाने पाणी जवळपास निम्मे पुरू लागले. मोटारीला जे ‘तोंड’ आहे असे आपल्याला आज वाटते, ते मुळात या जाळीने दिले आहे.

हेन्री फोर्डला मात्र आणखी स्वस्त काहीतरी हवे होते. १९०८ साली आलेल्या मॉडेल टीच्या पहिल्या सुमारे अडीच हजार गाड्यांना वॉटर पंप होता, पुढे तो काढूनच टाकला. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी जड होऊन खाली उतरते, एवढ्या एका नियमावर लाखो गाड्या धावल्या. सपाटीवर हे छान चालायचे. चढावर, ओझे असताना, गाडी फुरफुरू लागायची.

गाडी उकळायला आली हे चालकाला कळणार कसे? न्यूयॉर्कच्या हॅरिसन बॉइसने १९१२ मध्ये रेडिएटरच्या झाकणावरच तापमापक बसवण्याचे पेटंट घेतले. बसल्या जागेवरून काचेतली लाल रेघ दिसायची. ती वर सरकली की गाडी बाजूला घ्यायची. डॅशबोर्डवरचा काटा येईपर्यंत हे ‘मोटोमीटर’ श्रीमंतीचे लक्षण होऊन बसले होते.

पुढची युक्ती प्रत्येक घरातल्या प्रेशर कुकरची. झाकण घट्ट बसवून आतला दाब बाहेरच्यापेक्षा एका बारने वाढवला, तर साधे पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणातली स्प्रिंग म्हणजे कुकरची शिट्टीच. डोंगरात याचा उपयोग दुप्पट होतो. महाबळेश्वरच्या उंचीवर उघड्या भांड्यातले पाणी साडेपंच्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. बंद झाकणाखाली ती अडचण उरत नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताच पाणी कारंज्यासारखे अंगावर का येते, याचेही उत्तर हेच आहे. दाब गेला की १०० अंशांवरचे पाणी एका क्षणात वाफ होते.

थंडपणाचाही अतिरेक नको, हे त्याच सुमारास लक्षात आले. गार इंजिन इंधन जास्त पिते आणि झिजतेही लवकर. म्हणून पाण्याच्या वाटेवर दार हवे, इंजिन तापेपर्यंत बंद राहणारे. सुरुवातीची अशी दारे पातळ धातूच्या भात्यावर चालायची, पण बंद झाकणाचा दाब त्या भात्याला मानवेना. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्ने या अमेरिकी संशोधकाने भात्याच्या जागी मेणाची कुपी आणली. ठरलेल्या तापमानाला मेण वितळते, फुगते आणि दट्ट्याला ढकलून दार उघडते. ना वीज, ना तार. आजच्याही असंख्य गाड्यांतला थर्मोस्टॅट हाच.

काहींनी मात्र पाण्यालाच रजा द्यायचे ठरवले. अमेरिकेतली फ्रँकलिन कंपनी १९०२ ते १९३४ हवेवर थंड होणाऱ्या मोटारीच बनवत होती. इलेक्ट्रिक स्टार्टरमुळे नावाजलेल्या चार्ल्स केटरिंगने १९२३ साली शेव्हरोलेसाठी तांब्याच्या पंखांचे हवेने थंड होणारे इंजिन केले आणि तोंडघशी पडला. गाडी उन्हात दम टाकायची. जेमतेम शंभरएक ग्राहकांपर्यंत पोचलेल्या गाड्या जनरल मोटर्सला परत बोलवाव्या लागल्या. फोक्सवॅगनच्या बीटलने हीच कल्पना यशस्वी करून दाखवली. मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे जुनी बीटल २००३ पर्यंत बनत होती. महाराष्ट्राला तर हा प्रकार घरचाच. आकुर्डीला बनलेल्या बजाज स्कूटर घ्या किंवा तिथल्याच रिक्षा, दोन्हींच्या इंजिनाला पंखा होता, पाणी नव्हते. एक अख्खी पिढी रेडिएटरचे तोंड न बघता गाडीवाली झाली.

दुसरी खोड गोठण्याची. बर्फ होताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक त्या जोराने तडकतो. थंड देशांतले मोटारवाले रात्री पाणी काढून टाकायचे आणि सकाळी गरम पाणी भरायचे. कोणी पाण्यात मीठ, कोणी मध, साखर, ग्लिसरीन घालून पाहिले. मिठाने धातू खाल्ला, साखरेने नळ्या चिकटल्या. मेथिल अल्कोहोल स्वस्त आणि परिणामकारक होते, पण ते ६५ अंशांनाच उकळून उडून जायचे. उन्हाचा एखादा दिवस आला की पुन्हा भरा.

उत्तर रसायनशाळेत कधीचे पडून होते. शार्ल-अडॉल्फ वुर्ट्झ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या दशकात एथिलीन ग्लायकॉल तयार केले होते. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी ग्लिसरीनचा तुटवडा पडला तेव्हा उद्योगांचे लक्ष त्याच्याकडे गेले, आणि १९२७ साली युनियन कार्बाइडने ‘प्रेस्टोन’ या नावाने ते मोटारींसाठी बाजारात आणले. ते १९७ अंशांना उकळते, म्हणजे उडून जात नाही. गंमत अशी की शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते. पण निम्मे पाणी मिसळले तर मिश्रण उणे ३७ पर्यंत वाहते राहते. रोल्स-रॉइसने आपल्या मर्लिन या विमानाच्या इंजिनात आरंभी निव्वळ ग्लायकॉल वापरले. ते पाण्याइतकी उष्णता उचलत नव्हते आणि पेट घेण्याची भीतीही होती. अखेर सत्तर टक्के पाणी, तीस टक्के ग्लायकॉल आणि वर दाब, अशा मिश्रणावर काम स्थिरावले. इथे पाण्याला पूर्ण बाजूला सारून भागले नाही.

ग्लायकॉलचा एक दुर्गुण मात्र घातक आहे. ते चवीला गोड आणि पोटात गेल्यास विष आहे. जमिनीवर सांडलेले ग्लायकॉल चाटून कुत्री-मांजरे मरतात. म्हणूनच अमेरिकेतल्या काही राज्यांनी त्यात कडू पदार्थ मिसळणे सक्तीचे केले.

तिसरी खोड गंजण्याची, आणि सर्वांत चिवट हीच. कारण इथे गुन्हेगार एकटे पाणी नाही. जुन्या इंजिनात ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनिअमचे, रेडिएटर तांब्या-पितळेचा, त्याचे सांधे शिसे-कथलाच्या डाखाचे आणि कुठे पोलाद. इतके धातू एकाच पाण्यात बुडाले की त्याची बॅटरी होते आणि त्यातला दुबळा धातू झिजू लागतो. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्येच ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर याचा उपाय करून पाहिला होता. जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला त्याने जस्त आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले. पण विरघळणारे तांबे शिंपल्यांना विषारी होते. ते विरघळायचे थांबल्यावर जहाजांच्या तळाला शिंपल्यांचे थर चढले आणि आरमाराने तो नाद सोडला. एका धातूला वाचवताना दुसरीकडे काहीतरी बिघडते, हा धडा रेडिएटरवाल्यांनाही पुढे शिकावा लागला.

ग्लायकॉलने भर घातली ती अशी: उष्णता आणि हवा लागून ते हळूहळू आम्ल बनते. त्यामुळे कूलंटमध्ये गंजरोधक मिसळणे भागच पडले. बोरॅक्स आम्लाला मारतो, नायट्राइट लोखंडाला जपते, सिलिकेट अॅल्युमिनिअमवर काचेसारखा थर चढवते आणि बेन्झोट्रायझोल तांब्याचे रक्षण करते. ट्रकच्या डिझेल इंजिनात वेगळीच आफत असते. पिस्टनच्या ठोक्यांनी सिलिंडरचा लायनर थरथरतो, बाहेरच्या पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात आणि फुटतात, आणि त्यांच्या माराने लायनरला टाचणीएवढी भोके पडतात. तिथे नायट्राइटच उपयोगी पडते.

पण देशोदेशीचे पाणी सारखे नाही. जड पाण्यात फॉस्फेटचे क्षार बसतात म्हणून युरोपने फॉस्फेट वर्ज्य केले. सिलिकेटमुळे वॉटर पंपाचे सील झिजतात असे जपान्यांनी ठरवले आणि फॉस्फेटच धरले. १९९० च्या दशकाच्या मध्याला जनरल मोटर्सने सेंद्रिय आम्लांवर आधारलेले, पाच वर्षे टिकेल असे सांगितलेले नारिंगी ‘डेक्स-कूल’ आणले. हिरवे, निळे, गुलाबी, नारिंगी हे रंग मात्र केवळ रंगच आहेत. त्यांना जगभर पाळला जाणारा कोणताही नियम नाही. एका कंपनीचे गुलाबी आणि दुसरीचे गुलाबी यांत नातेही नसू शकते.

महाराष्ट्राच्या रस्त्यावर या तीन खोडींचा क्रम बदलतो. इथे पाणी गोठत नाही. ‘अँटिफ्रीझ’ हे नाव वाचून ते परदेशी चोचले आहेत असे वाटले तर नवल नाही. पहिली खोड मात्र सर्वांच्या परिचयाची. बोरघाटात बॉनेट उघडे टाकून उभ्या राहिलेल्या टॅक्सी आणि ट्रक, रेडिएटरवर टाकलेले ओले फडके आणि पाण्याचा डबा घेऊन खाली उतरलेला क्लीनर हे दृश्य जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने कितीतरी वर्षे पाहिले. उपाय सोपा होता: बोअरचे असो की ओढ्याचे, मिळेल ते पाणी ओता. गाडी फारच तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीतही गॅरेजांत रूढ झाली. गाडी घाटात तापायची थांबायची, पण पुढे वर्षभर सपाटीवर गार इंजिन जास्त इंधन पीत राहायचे.

त्या डब्याच्या पाण्यातून क्षार आत जायचे, नळ्यांत तांबडा गाळ बसायचा आणि रेडिएटर तुंबला की गाडी अधिकच तापायची. म्हणजे तिसऱ्या खोडीवरचा उपाय टाळल्याने पहिली खोड पुन्हा अंगावर यायची. आजच्या गाड्यांत हेड अॅल्युमिनिअमचे, रेडिएटर अॅल्युमिनिअमचा आणि कित्येकदा ब्लॉकसुद्धा अॅल्युमिनिअमचा असतो. साध्या पाण्याने त्यांचे होणारे नुकसान लोखंडी ब्लॉकच्या काळापेक्षा महाग पडते. इथल्या गाडीला ग्लायकॉल थंडीसाठी नको आहे. ते हवे आहे उकळबिंदू वाढवण्यासाठी आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या गंजरोधकांसाठी.

तेव्हा गॅरेजमध्ये ‘कूलंट टाकू की पाणीच चालेल?’ असा प्रश्न आला, तर डब्यावरचा रंग न बघता गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला प्रकार बघावा. मिसळायचे असेल तर डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, दोन प्रकार एकत्र करू नयेत आणि पुस्तिकेतली बदलण्याची मुदत पाळावी. झाकण मात्र इंजिन पूर्ण निवल्यावरच उघडावे.